टन वाढवण्याआधी घराखाली वाका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतल्या मोबाइल होमवर एक लेख आला होता. मुलांजवळ राहायला आलेल्या आईवडिलांसाठी वेगळं, स्वस्तातलं घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांबद्दल तो होता. लेख जिव्हाळ्याने लिहिलेला होता, मी तो घरी मोठ्याने वाचून दाखवला. मात्र त्यात एक वाक्य होतं : उन्हाळ्यात घर तापत असेल तर जास्त टनाचा सेंट्रल एसी बसवला की प्रश्न मिटतो. हे वाक्य वाचून कोणी पैसे भरले तर त्याचा प्रश्न मिटणार नाही, वाढेल. आणि इथल्या उन्हाळ्यात ही नुसती पैशांची चूक राहत नाही. म्हणून हे पत्र.

मी मूळचा अकोल्याचा. आयटीआयमधून रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा ट्रेड केला, काही वर्षं गावातच कूलर, फ्रिज आणि खिडकीचे एसी दुरुस्त केले. मोठ्या बहिणीने केलेल्या अर्जावर २००४ साली ॲरिझोनात आलो. गॅस हाताळायला इथे सरकारी परीक्षा द्यावी लागते, ती दिली आणि तेव्हापासून फिनिक्सच्या पूर्वेकडच्या मेसा, अपाची जंक्शन या भागात एसीचंच काम करतो. या पट्ट्यात मोबाइल होमचे पार्क एकाला लागून एक आहेत. त्यामुळे जे लिहितो आहे ते या घरांच्या पोटाखाली पाठीवर झोपून पाहिलेलं आहे.

आधी नावाचा घोळ. मोबाइल होम म्हणजे फिरतं घर नव्हे. ते कारखान्यात तयार होतं, चाकांवर येतं, ठोकळ्यांवर बसवलं की बहुधा जन्मभर तिथेच राहतं. जागा पार्कच्या मालकाची, महिन्याचं भाडं वेगळं. १५ जून १९७६ पासून या घरांना केंद्र सरकारच्या गृहनिर्माण खात्याचा नियम लागू झाला, त्याला इथे हड कोड म्हणतात. त्यानंतरच्या घराच्या बाहेरच्या भिंतीवर लाल पत्र्याची छोटी पट्टी ठोकलेली असते, दोन भागांचं घर असेल तर प्रत्येक भागावर एक. पट्टी नसेल तर घर बहुधा त्याआधीचं. मग भिंती पातळ, छताखाली उष्णता अडवणारा कापूस नावापुरता आणि डक्टचा, म्हणजे एसीची हवा खोल्यांत नेणाऱ्या नळीचा, भरवसा नाही, असं समजूनच पुढे जावं.

आता ताईच्या घराची गोष्ट सांगतो, कारण त्यात माझीही चूक आहे.

ताईचं घर १९८८ सालचं, दोन भाग जोडून केलेलं, २४ फूट रुंद आणि ५६ फूट लांब. २००५ च्या जूनमध्ये जुना साडेतीन टनांचा एसी बंद पडला. एका कंत्राटदाराचा माणूस आला, दारातूनच घराकडे पाहिलं, चौरस फूट विचारले आणि म्हणाला, पाच टन टाका, पुन्हा तक्रार येणार नाही. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मीही मान हलवली. अकोल्यात आम्ही खिडकीचे एसी बसवायचो, दीड टन पुरत नाही तर दोन टन लावा, असा सरळ हिशोब. खिडकीच्या एसीला डक्ट नसतो, हे माझ्या ध्यानात आलं नाही.

पाच टनांचं मशीन बसलं आणि त्याच आठवड्यात घरात शिट्टीसारखा आवाज सुरू झाला. जमिनीतल्या जाळ्यांतून हवा जोरात यायची, पण बैठकीतच. ताईची झोपायची खोली घराच्या दुसऱ्या भागात, तिथे दुपारी ८८ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्याकडचे ३१ सेल्सियस. बाहेर ११० असताना हे काय वाईट, असं कोणी म्हणेल. पण पाच टनांचं बिल भरून रात्री अंगाखाली ओला टॉवेल घेऊन झोपायची पाळी आली होती. मधूनमधून हवा गार करणारी आतली कॉइल बर्फाने गच्च व्हायची आणि हवा अगदीच बंद पडायची. कंत्राटदाराला बोलावलं की तो बर्फ वितळेपर्यंत थांबायचा, थोडा गॅस भरायचा आणि निघून जायचा. २००७ च्या ऑगस्टमध्ये कॉम्प्रेसर जळाला. तिसरा उन्हाळाही पार पडला नाही.

तोवर मी या धंद्यात थोडा मुरलो होतो. ऊन उतरल्यावर ऑक्टोबरमध्ये एका रविवारी घराखालची मोकळी जागा झाकणारी, कडेची स्कर्टिंगची पाटी काढली आणि बॅटरी घेऊन आत सरपटत गेलो. घराच्या दोन भागांना जोडणारा एक जाड, गुबगुबीत डक्ट खालून जातो, त्याला इथले कारागीर क्रॉसओव्हर म्हणतात. एसीची हवा आधी एका भागातल्या डक्टमध्ये जाते आणि याच नळीतून दुसऱ्या भागात पोचते. ती नळी पट्ट्यांनी वर टांगलेली असायला हवी. ताईच्या घराखाली ती जमिनीवर पडली होती आणि पलीकडचं टोक पत्र्याच्या गळ्यातून निम्मं निसटलं होतं. त्या टोकासमोरच्या धुळीत हवेने परातीएवढा गुळगुळीत खळगा पाडला होता. खळग्यात मांजरांचे केस, पिवळे, काळे, करडे. उन्हाळाभर पार्कातली मांजरं तिथे येऊन निजत होती, कारण सगळ्या पार्कात तेवढी गार जागा दुसरी नव्हती. ताईच्या खोलीचा गारवा तीन वर्षं तिथे जात होता. मी बराच वेळ तसाच पडून राहिलो. वर तिच्या चालण्याचा आवाज येत होता.

खरं तर दोन गोष्टी एकदम बिघडल्या होत्या, आणि दोन्ही टन वाढवून सुटण्यासारख्या नव्हत्या.

पहिली ही गळती. घराबाहेर जेवढी गार हवा गळते, तेवढीच हवा घराला बाहेरून ओढून घ्यावी लागते. दाराच्या फटींतून, खिडक्यांच्या कडांतून, बोर्डाच्या भोकांतून ११० अंशांची हवा आत येते. मशीन मोठं केलं की पंख्याचा जोर वाढतो, जोर वाढला की गळती वाढते आणि तापलेली हवाही तेवढीच जास्त आत येते.

दुसरी गोष्ट डक्टच्या मापाची. या घरांत मुख्य डक्ट जमिनीखाली, तुळयांच्या बेचक्यात बसवलेला असतो. तो बसका आणि अरुंद असतो, कारण तिथे जागाच तेवढी. एका टनाला मिनिटाला साधारण ४०० घनफूट हवा लागते. पाच टनांना झाली २,०००. साडेतीन टनांसाठी केलेल्या डक्टमधून १,४०० च्या आसपास जाते, बाकीची कोंडते. कॉइलवरून पुरेशी हवा फिरली नाही की ती गोठते, द्रवरूप गॅस तसाच कॉम्प्रेसरमध्ये परत जातो आणि त्याचा जीव घेतो. ताईच्या मशीनचं हेच झालं. गॅस कमी नव्हताच, हवा कमी होती.

आणि हे सगळं त्या घरातच लिहून ठेवलेलं होतं. हड कोडनुसार कारखाना घरात माहितीचा कागद चिकटवतो, स्वयंपाकघरातल्या ओट्याखालच्या कपाटात, झोपायच्या खोलीतल्या कपाटाच्या दारावर किंवा विजेच्या बोर्डाजवळ. त्यात गारव्याचं प्रमाणपत्र असतं. या घराचा डक्ट किती बीटीयूपर्यंतच्या (बीटीयू हे उष्णतेचं माप) सेंट्रल एसीसाठी केला आहे, तो आकडा त्यावर छापलेला असतो. ताईच्या सिंकखालच्या कपाटात, साबणाच्या डब्यांमागे तो कागद होता. ४२,००० बीटीयू. एक टन म्हणजे १२,०००, म्हणजे बरोबर साडेतीन टन. ज्याने ६०,०००चं मशीन विकलं त्याने ते दार उघडलं नाही, मीही उघडलं नाही. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच : किंमत विचारायच्या आधी हा कागद शोधा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. तो न बघता जो टन सांगतो, त्याला चहा पाजून वाटेला लावा.

त्या हिवाळ्यात मी आणि भाऊजींनी मिळून घर सुधारलं. क्रॉसओव्हर नवा घातला, पट्ट्यांनी टांगला. सांधे मॅस्टिकने, म्हणजे खळीसारख्या घट्ट लेपाने बंद केले. ज्याला सगळे डक्ट टेप म्हणतात तो करडा कापडी टेप डक्टवर टिकत नाही, उष्णतेने त्याचा गोंद सुटतो, तो लावू देऊ नका. घराच्या पोटाला खालून काळं जाड कापड असतं, ते जागोजागी फाटून आतला कापूस लोंबत होता, तो परत भरून ठिगळं लावली. झोपायच्या खोल्यांच्या भिंतींना दारांच्या वर जाळ्या बसवल्या, कारण या घरांत हवा परत जायला बहुधा वेगळा डक्ट नसतो. हवा बोळातल्या एकाच जाळीतून मशीनकडे परतते आणि खोलीचं दार लावलं की ती आतच अडकते. छताच्या पत्र्यावर पांढऱ्या लेपाचे दोन हात दिले. आपल्याकडे उन्हाळ्याआधी टिनाच्या छपराला चुना मारतात, तीच विद्या. पश्चिमेच्या दोन खिडक्यांना बाहेरून जाळीचे पडदे लावले. आतून लावलेला पडदा उशिरा अडवतो, ऊन काचेतून आत आलेलं असतं.

मग साडेतीन टनांचं मशीन बसवलं. ताईच्या खोलीत पुढच्या जूनमध्ये दुपारी ७९ अंश. ते मशीन २०२२ पर्यंत चाललं, १५ उन्हाळे. ते बदलताना खिडक्याही नव्या झाल्या होत्या, म्हणून पुन्हा सगळा हिशोब मांडला. इथे त्याला मॅन्युअल जे म्हणतात : भिंत, छत, खिडक्यांची दिशा, माणसं, गळती, सगळं मांडून घरात किती उष्णता येते ते काढायचं. उत्तर तीन टन आलं. त्याच घराला ज्याला एकदा पाच टन विकले होते. २०२३ च्या ३० जूनपासून फिनिक्सला ओळीने ३१ दिवस पारा ११० किंवा त्याच्या वर होता, आधीचा विक्रम १९७४ सालचा १८ दिवसांचा. तेवढे सगळे दिवस तीन टनांच्या मशीनवर ताईच्या खोलीत संध्याकाळी ८० च्या वर आकडा गेला नाही. रोज रात्री फोनवर मी तोच विचारायचो.

कोणत्या जातीचं मशीन घ्यावं, हे मला वाचक सगळ्यात आधी विचारतील. डक्ट चांगला असेल तर माझं मत पॅकेज युनिटकडे झुकतं. सगळं यंत्र एकाच पेटीत, घराबाहेर सिमेंटच्या लादीवर, तिथून दोन जाड डक्ट घराच्या पोटाखाली जातात, एक गार हवा नेणारा, एक परत आणणारा. घरात गॅसच्या नळ्या नाहीत, कॉइल आणि कॉम्प्रेसर कारखान्यातूनच जुळवून आलेले. घरात हिवाळ्यात ऊब देणारी वेगळी भट्टी असेल तर तिच्याकडे गार हवा उलटी जाऊ नये म्हणून मध्ये झडप बसवावीच लागते, ती बसवली का ते डोळ्यांनी बघा. स्प्लिटही चालतो, पण आतली कॉइल भट्टीच्या कपाटात बसते आणि जुन्या भट्टीचा पंखा एसीचा भार उचलेलच असं नाही. तो पंखा या घरांसाठी मान्यता असलेला हवा, साध्या घरातला आणून बसवता येत नाही.

१९७६ च्या आधीचं, एकाच भागाचं अरुंद घर असेल आणि डक्ट कुजला असेल, तर सेंट्रलचा हट्ट सोडा. भिंतीवरचे इन्व्हर्टर स्प्लिट, एक बैठकीत आणि एक झोपायच्या खोलीत, हे त्या घराला अधिक मानवतात. धंद्यातले काहीजण माझ्यावर रागावतील, पण मी माझ्या गिऱ्हाइकांना हेच सांगतो.

आकड्यांबद्दल थोडं. २०२३ पासून इथे मशीनवर सीअर-२ आणि ईईआर-२ असे दोन आकडे येतात, विजेच्या मानाने गारवा किती मिळतो ते सांगणारे. दुकानदार सीअर दाखवतो, तो मोठा असतो आणि सगळ्या हंगामाची सरासरी सांगतो. ईईआर हा बाहेर ९५ अंश असताना काढलेला आकडा. आमच्याकडे जुलैत ९५ अंश सकाळीच होतात, तेव्हा आमच्या कामाचा आकडा ईईआर. दुसरं, गॅस बदलला आहे. जुन्या आर-४१०ए वर चालणारी घरगुती मशीनं १ जानेवारी २०२५ पासून नव्याने बनवायला बंदी आहे, आता आर-४५४बी किंवा आर-३२ येतो. जुन्या मशीनमध्ये नवा गॅस भरून देतो असं कोणी म्हणालं तर नको म्हणा, ते धोक्याचं आहे.

आणि वीज. जुन्या घरांचा बोर्ड बऱ्याचदा १०० अँपिअरचा असतो, आणि घराबाहेरच्या खांबावरचा पुरवठा पार्कचा. हिवाळ्यासाठी १० किलोवॅटची हीटरची पट्टी घेतली तर ती एकटीच २४० व्होल्टवर जवळजवळ ४२ अँपिअर खाते. हे आधी इलेक्ट्रिशियनला विचारा. मशीन लादीवर येऊन बसल्यावर कळून उपयोग नाही.

विदर्भातले वाचक विचारतील, कूलर का नको? मीही आल्या आल्या हेच विचारलं होतं. इथे घरांच्या छतावर मोठे कूलर असतात, आपल्या डेझर्ट कूलरचेच भाऊ, आत तशाच वुडवूलच्या गवती ताट्या. मे-जूनच्या कोरड्या हवेत ते उत्तम चालतात, बिलही कमी. पण ॲरिझोनालाही पावसाळा आहे, १५ जून ते ३० सप्टेंबर असा तो मोजतात. हवेत दमटपणा आला की कूलर नुसती ओली हवा फेकतो, अगदी मृगाचा पाऊस पडून गेल्यावर अकोल्यात होतं तसं. फरक एवढा की अकोल्यात पावसानंतर पारा उतरतो, इथे पाऊस न पडताच दमटपणा येतो आणि पारा १०५ वर तसाच. ज्यांच्याकडे दोन्ही आहेत त्यांनी दोन्ही ठेवावेत, पण एका वेळी एकच चालवावा. कूलरला खिडकी उघडी लागते, एसीला बंद, शिवाय कूलरची ओल एसीला परत काढावी लागते.

एवढं सविस्तर लिहायचं कारण आता सांगतो. २०२३ साली फिनिक्सच्या मॅरिकोपा काउंटीत उष्णतेशी निगडित ६४५ मृत्यू नोंदले गेले. त्यातले जे घरात दगावले, त्यांतल्या बहुतेकांच्या घरी एसी होता, पण तो चालत नव्हता. आणि घरात दगावलेल्यांमध्ये मोबाइल होममध्ये राहणाऱ्यांचं प्रमाण त्या घरांच्या संख्येच्या मानाने कितीतरी जास्त असतं. या घरांत बरेचसे म्हातारे राहतात, एकेकटे. मीच एका ऑगस्टमध्ये एका आजींच्या घरी कॉम्प्रेसर बघायला गेलो होतो. थर्मोस्टॅटवर ९७. त्या खुर्चीत बसल्या होत्या, घाम येणं थांबलं होतं, आणि मला म्हणाल्या की मी बरी आहे, तू आधी मशीन बघ. मी मशीन बघितलं नाही, ॲम्ब्युलन्स बोलावली. त्या वाचल्या. त्यांच्या मशीनला तेव्हा दोनच वर्षं झाली होती, आणि ते घराच्या मानाने दीड टन मोठं होतं.

सरकारही थोडं हललं आहे, हे लिहायला हवं. २०१८ मध्ये फिनिक्सजवळच्या सन सिटी वेस्ट इथे ५१ डॉलरच्या थकबाकीपोटी वीज तोडल्यावर ७२ वर्षांच्या एक बाई उष्णतेने गेल्या. त्यानंतर राज्याच्या नियामक मंडळाने त्याच्या अखत्यारीतल्या वीज कंपन्यांना १ जून ते १५ ऑक्टोबर बिलापायी वीज तोडायला मनाई केली. २०२४ मध्ये कायदा झाला की पार्कच्या मालकाला भाडेकरूची गारव्याची वाजवी सोय अडवता येणार नाही. त्याआधी खिडकीतला एसी रस्त्यावरून दिसतो म्हणून काढायला लावलेले मी पाहिले आहेत. आपल्या वाचकांपैकी कोणाचे आईवडील अशा पार्कात राहत असतील, तर हा कायदा त्यांना ठाऊक असावा.

कंत्राटदाराचा परवाना ॲरिझोनाच्या कंत्राटदार निबंधकांकडे फोन करूनही तपासता येतो. पण परवान्याइतकाच मी आणखी एका गोष्टीवर माणूस ओळखतो : तो किंमत सांगायच्या आधी गुडघे टेकून घराखाली वाकला का. वाकला नसेल तर त्याने ना क्रॉसओव्हर पाहिला, ना पोटाचं कापड. काम झाल्यावर त्याच्याकडून दोन मापं लिहून घ्या, डक्टमधला दाब आणि मशीनमध्ये जाणाऱ्या-येणाऱ्या हवेच्या तापमानातला फरक. फरक १८ ते २० अंशांच्या आसपास असावा. जो माणूस मापं लिहून देतो, तो परत बोलावल्यावर येतो, हा माझा अनुभव.

आपल्याला विनंती एवढीच की लेखातल्या त्या वाक्याची दुरुस्ती मार्च संपायच्या आत छापावी. एप्रिलमध्ये इथे लोक मशीनची चौकशी सुरू करतात, मे संपता संपता कंत्राटदारांना वेळ नसतो आणि जूनमध्ये एसी बंद पडलेल्या घरातला माणूस जे मिळेल, जेवढ्या टनाचं मिळेल, ते घेतो.

आपला नियमित वाचक,
मूळ अकोला, सध्या मेसा, ॲरिझोना
(नाव व पत्ता संपादकांकडे)